न खेळलेली गोटी

जुन्या काचेच्या गोट्या जमवणाऱ्यांची एक मोजपट्टी आहे. दहापैकी गुण द्यायचे. नऊच्या वर गेली ती मिंट, म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच्या तशी. आठच्या घरात निअर मिंट. सातच्या घरातली ठीकठाक. त्याखालच्या सगळ्या एका टोपलीत जातात आणि त्यांना मन राखायला 'संग्राह्य' म्हणतात. आता या पट्टीवर पहिला नंबर कुणाचा येतो ते बघा. जिला कुणी अंगठ्यानं उडवलं नाही, जिच्यावर कुणी नेम धरला नाही, जी कधी दगडावर आपटली नाही आणि मातीत लोळली नाही, तिचा. खेळणं म्हणून तिनं आयुष्यात काहीएक केलेलं नाही आणि त्याबद्दल तिला पैकीच्या पैकी गुण.

मला ही पट्टी पटत नाही. तरी गोटी हातात आली की माझाही हात आधी भिंगाकडे जातो आणि डोळे टवके शोधायला लागतात. छंद माणसाला असा शिस्तीत आणतो. तेव्हा गोटी ओळखायची कशी हे सांगते, कारण ते सांगायला मला मनापासून आवडतं. आणि जाता जाता या पट्टीशी थोडं भांडून घेते.

ओळखीची सुरुवात टोकांपासून. गोल वस्तूला टोक कुठून आलं, असं वाटेल. पण हातानं केलेल्या काचेच्या गोटीला पृथ्वीसारखे दोन ध्रुव असतात आणि बहुतेकदा निदान एका ध्रुवावर बोटाला लागेल असा खरखरीत डाग असतो. त्याला पोंटिल म्हणतात. गोटी जिथून कापून सुटी केली, ती ही जागा. काही पोंटिल तसेच ओबडधोबड सोडलेले, काही घासून सपाट केलेले, काहींवर घासताना बारीक पैलू पडलेले, तर काही पुन्हा आगीत धरून वितळवलेले. नवखा माणूस हा डाग बघून गोटी खराब आहे म्हणून बाजूला ठेवतो. जाणकार आधी तोच शोधतो, कारण गोटी माणसाच्या हातून आली की यंत्रातून, हे बहुतेक वेळा तिथंच कळतं.

या पोंटिलचा माग काढत गेलं की आपण जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगरांत, लाउशा नावाच्या गावात पोचतो. 1597 मध्ये हान्स ग्रायनर आणि क्रिस्टोफ म्युलर यांनी तिथं काचेची भट्टी लावली. जंगलात लाकूड मुबलक आणि वाळूही हाताशी. पुढची काही शतकं हे गाव काचेवरच जगलं. 1835 मध्ये तिथल्याच लुडविग म्युलर-उरीनं माणसाला बसवता येईल असा काचेचा डोळा केला. बाहुल्यांचे डोळे, प्राण्यांचे डोळे, झाडाला टांगायचे नाताळचे गोळे, सगळं तिथून जगभर जायचं. अशा गावात मुलांसाठी काचेचा गोळा करायचं कुणाला तरी सुचणारच. 1840 च्या दशकात इलायस ग्रायनरनं त्यासाठी एक खास कात्री केली. तिच्या एका पात्याच्या टोकाला अर्धगोल वाटी आणि दुसऱ्या बाजूला कापायची धार. त्याआधी प्रत्येक गोळा वेगळा घडवावा लागे. या कात्रीनं एका सळईतून गोट्यांमागून गोट्या पाडता येऊ लागल्या.

ही सळई करण्यातच खरं कसब. मधे एक रंगीत गाभा घ्यायचा, त्यावर पारदर्शक काचेचा थर चढवायचा, त्यावर बाहेरून रंगीत काड्या उभ्या चिकटवायच्या, वर पुन्हा पारदर्शक थर. मग तो जाड तप्त गोळा दोन्हीकडून ओढून लांब सळई करायची. ओढताना आतली नक्षी बारीक होत जाते, पण तिची मांडणी बदलत नाही. मग सळईचं टोक तापवून कात्रीच्या वाटीत धरायचं आणि सळई फिरवायची. त्या फिरवण्यानं आतल्या सरळ रेषांना पीळ पडतो. हा पीळ कारागिराच्या मनगटाचा. एकाच सळईतल्या पहिल्या आणि शेवटच्या गोटीतही तो सारखा नसतो. मी दोन गोट्या एकाच सळईतल्या आहेत का हे बघते तेव्हा रंग जुळले तरी पीळ वेगळा निघतो आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

सळईच्या अगदी टोकाची गोटी वेगळी ओळखता येते. तिच्यात नक्षी एका ध्रुवापासून निघते आणि दुसऱ्या ध्रुवाला पोचायच्या आतच संपते; पुढं नुसती स्वच्छ काच. शिकाऊ डोळ्याला ती फसलेली वाटते. संग्राहक तिच्यासाठी हट्ट धरून बसतात.

गाभ्यावरून या गोट्यांची नावं पडली. गाभ्यात बारीक पांढऱ्या किंवा पिवळ्या धाग्यांची जाळी असेल तर लॅटिसिनो. गाभा भरीव असेल तर सॉलिड कोअर, सुट्या पट्ट्यांचा असेल तर डिव्हायडेड कोअर, एकच रुंद फीत असेल तर रिबन. अपारदर्शक काळ्या काचेवर रंगीत पट्टे ओढलेल्या गोटीला इंडियन म्हणतात. तिचा आपल्याशी काही संबंध नाही. आणि ऑनियनस्किन, जिच्यात रंगांचे ठिपके ओढून ओढून इतके पातळ झालेले असतात की कांद्याचे पापुद्रे एकावर एक चढल्यासारखे दिसतात. या गोटीत कधी कधी अभ्रकाचे चकचकीत कणही सापडतात.

यातली बरीचशी नावं कारागिरांनी ठेवलेली नाहीत. ती पुढच्या काळात संग्राहकांनी ठेवली आणि एखाददुसरं सरळ गैरसमजातून आलं. लुट्झ नावाची गोटी बघा. तिच्या पट्ट्यांत तांब्याच्या बारीक स्फटिकांची सोनेरी चमक असते. ती चमक असलेली काच मूळ व्हेनिसच्या कारागिरांची: वितळत्या काचेत तांबं घालून, भट्टीतली हवा आवरून, ती अतिशय सावकाश निववली की तांब्याचे स्फटिक काचेतच अडकून राहतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सँडविचच्या काच कारखान्यात निकोलस लुट्झ नावाचा नामांकित कारागीर होता. तो अशी काच वापरायचा, म्हणून या गोट्या त्याच्या, असं कुणीतरी ठरवून टाकलं. प्रत्यक्षात त्या जर्मनीत झाल्या. ही गोष्ट आता सगळ्या जाणत्यांना ठाऊक आहे आणि नाव मात्र जागचं हललेलं नाही.

दोन पोंटिल असतील तर गोटी सळईतली. एकच पोंटिल असेल तर ती लोखंडी दांड्याच्या टोकावर एकेकटी घडवलेली. सल्फाइड जातीच्या गोट्या या दुसऱ्या घराण्यातल्या. स्वच्छ काचेच्या पोटात पांढऱ्या मातीची एक छोटी मूर्ती: कुत्रा, मेंढी, पक्षी, मासा, क्वचित माणूस. मूर्ती आधी तापवून ठेवायची. गार मूर्तीवर तप्त काच चढवली तर काचेला तडा जाणार. मूर्ती आणि काच यांच्यात हवेचा अतिशय पातळ थर अडकतो आणि त्यामुळं पांढरी माती चांदीची दिसते. प्राणी बरेच सापडतात, माणसं कमी आणि मूर्तीला रंग दिलेली गोटी तर दुर्मीळच. गोल काच स्वतःच भिंगाचं काम करते, म्हणून आतला कुत्रा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

सल्फाइड आकारानं मोठ्या आणि वजनानं जड. बोटांत धरून टिचकी मारायला अवघड. तरीही बऱ्याच सल्फाइडांचा पृष्ठभाग चेचलेला असतो, म्हणजे मुलांनी त्या खेळायला घेतल्याच होत्या. बाहेरची काच इतकी ओरखडलेली की आतला प्राणी धूसर. अशा गोटीला थोडं पातळ खनिज तेल लावायचं. तेल ओरखड्यांत भरतं, प्रकाश सरळ आत जातो आणि प्राणी स्वच्छ दिसायला लागतो. नंतर तेल पुसून टाकलं की गोटी पुन्हा होती तशी. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती गोटीचं काही हिरावून घेत नाही.

आता यंत्राकडे.

अमेरिकेत गोट्यांचा धंदा सुरू झाला तो काचेचा नव्हे, मातीचा. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात 1884 च्या सुमारास सॅम्युअल डाइकनं मातीच्या गोट्या ढिगानं पाडायला सुरुवात केली. खेळणी घाऊक उत्पादनानं इतकी स्वस्त करता येतात की कुठलंही पोर स्वतःच्या खिशातून घेईल, हे अमेरिकेला दाखवून देणाऱ्या पहिल्या मंडळींत तो होता. त्याच शहरात डेन्मार्कहून आलेला मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सन पोलादी गोळ्यांच्या यंत्रांत डोकं घालून बसला होता. पोलाद अचूक गोल करता येतं, तर काच का नाही? त्याच्या गोटीयंत्राला 1905 मध्ये पेटंट मिळालं. उत्पादन त्याआधीच सुरू झालं होतं. एक कामगार दांड्यावर वितळलेली काच घेऊन उभा राहायचा, धार खाली सोडायचा, दुसरा ती ठरावीक मापानं कापायचा आणि तुकडा यंत्राच्या फिरत्या खोबणीत पडून गोल होत होत निवायचा.

म्हणजे काच अजून हातानंच घेतली जात होती आणि याचा पुरावा गोटीवर राहिला. धार खाली येताना वळत यायची, म्हणून या गोट्यांच्या वरच्या ध्रुवावर इंग्रजी 9 च्या आकाराचं वळण दिसतं आणि खालच्या ध्रुवावर कापल्याची शेपटी. एक गडद रंग आणि त्यात मिसळलेली पांढरी काच, एवढाच ऐवज. यांना स्लॅग म्हणतात. ज्यांना हा छंद नव्यानं लागतोय त्यांना मी स्लॅगपासून सुरुवात करायला सांगते. त्या अजून बऱ्यापैकी सापडतात आणि 9 शोधता शोधता गोटीकडे बघायचं कसं हे डोळ्याला आपोआप कळतं. फोटो बघून शिकू नये. गोल चकचकीत पृष्ठभागावर खिडकी, दिवा, कॅमेरा सगळं उमटतं आणि नेमका बघायचा भाग त्यातच हरवतो.

क्रिस्टेन्सनच्या कारखान्याचा शेवट एखाद्या कादंबरीत शोभावा असा. त्याचा हिशेबनीस होरेस हिल यंत्राची माहिती आणि गिऱ्हाइकांची नावं घेऊन नव्या प्रतिस्पर्ध्याच्या, अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनीच्या गोटात गेला; त्यानं केलेली पैशांची अफरातफरही पुढं उघडकीला आली. अ‍ॅक्रोनं 1914 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला बस्तान हलवलं, कारण तिथं भट्टीसाठी नैसर्गिक वायू आणि काचेसाठी चांगली वाळू दोन्ही होतं. इकडं अ‍ॅक्रनमध्ये वायूची टंचाई होऊन क्रिस्टेन्सनचा कारखाना 1917 मध्ये बंद पडला. त्याच सुमाराला पहिल्या महायुद्धानं जर्मन गोट्यांची आयात थांबवली होती. मैदान मोकळं झालं आणि त्यावर कावळा उतरला. अ‍ॅक्रोचं बोधचिन्ह म्हणजे चोचीत आणि पायांत गोट्या घेऊन उडणारा कावळा.

अ‍ॅक्रोची ओळख म्हणजे कॉर्कस्क्रू. दोन किंवा अधिक रंगांच्या काचा एकाच तोंडातून एकत्र खाली येतात आणि येताना फिरतात, त्यामुळं रंगाची पट्टी स्क्रूच्या आट्यांसारखी गोटीभोवती चढत जाते. खरी कॉर्कस्क्रू ओळखायची तर एका पट्टीवर बोट ठेवा आणि गोटी फिरवत जा. पट्टी एका ध्रुवाजवळ सुरू होऊन दुसऱ्या ध्रुवाजवळ संपली पाहिजे आणि मधे कुठंही स्वतःला भेटता कामा नये. अ‍ॅक्रोच्या काही गोट्यांत ऑक्सब्लड नावाचा दाट, वाळलेल्या रक्ताचा लाल असतो. तो तांब्यापासून येतो आणि भिंगाखाली त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. नुसता लाल दिसला म्हणून ऑक्सब्लड म्हणणाऱ्या विक्रेत्यांचा सुकाळ आहे. काळ्या रेषा नसतील तर मी पुढं सरकते.

इथं एक घोळ होतो. क्रिस्टेन्सन अ‍ॅगेट नावाची दुसरी एक कंपनी आहे आणि तिचा मार्टिन क्रिस्टेन्सनशी काही संबंध नाही. ही 1925 मध्ये ओहायोतच निघाली, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मंदीत बुडाली. मधल्या काही वर्षांत मात्र तिनं असे रंग केले की आजही लोक त्यांना इलेक्ट्रिक म्हणतात. भडक नारिंगी, जळजळीत पिवळा, कुठल्याही नैसर्गिक वस्तूत न दिसणारा निळा. माझ्या मते यंत्रावर निघालेल्या गोट्यांत यांच्यासारख्या देखण्या कुणीच नाहीत. त्यांची 'गिनी' म्हणजे पारदर्शक काचेवर रंगांचे शिंतोडे, आणि ती हातात घ्यायला मिळाली की मी बोलायचं विसरते.

इलिनॉयमधल्या ओटावा गावच्या पेल्टियर कंपनीनं आणखी एक युक्ती केली. वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकांतल्या 12 पात्रांची चित्रं गोट्यांवर छापली आणि भाजून पक्की केली. मुलांनी बाराही जमवाव्यात हा उघड हेतू. यांच्या नकला भरपूर निघतात: गोटी जुनीच, चित्र मात्र नंतर चिकटवलेलं. चित्राच्या कडेवरून नख फिरवलं आणि कड जाणवली, तर ती गोटी मी परत ठेवते.

तंत्राची गोष्ट निघालीच आहे तर अतिनील दिव्याबद्दलही सांगून टाकते, कारण हल्ली प्रत्येकाच्या हातात तो असतो. काचेत युरेनियम असेल तर अंधारात त्या प्रकाशाखाली गोटी झगझगीत हिरवी पेटते. दुसऱ्या महायुद्धात युरेनियमला वेगळंच काम लागलं आणि अमेरिकेतल्या काच कारखान्यांना ते मिळेनासं झालं. नंतर ते पुन्हा मिळू लागलं. त्यामुळं चमकली म्हणजे जुनी, एवढं सोपं ते नाही. मँगॅनीजची काचही फिकट हिरवी उजळते. दिवा दाखवून गोटीचं वय सांगणाऱ्याला मी टोकं दाखवा म्हणते.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून कॅट्स आय आल्या. स्वच्छ काच आणि आत रंगाच्या दोन-चार पाकळ्या. त्यांनी अमेरिकेची बाजारपेठ अशी काबीज केली की तिथल्या कारखान्यांना स्वतःच्या कॅट्स आय काढाव्या लागल्या. अ‍ॅक्रो 1951 मध्ये बंद झाली. संग्राहक या गोट्यांकडे नाक मुरडतात. जगातल्या बहुतेक माणसांच्या डोळ्यांपुढं गोटी म्हटल्यावर हीच येते, हा काय तिचा दोष?

तर आतापर्यंतचं सगळं गोटीच्या जन्माबद्दल झालं. पोंटिल, पीळ, 9, शेपटी, रंग. मोजपट्टी याच गोष्टींना जपते. या खुणा स्वच्छ दिसाव्यात म्हणून नंतरची कुठलीच खूण नको, असं तिचं म्हणणं.

पण नंतरच्या खुणांनाही व्याकरण आहे. जुन्या खेळलेल्या गोटीवर तिरपा उजेड टाकला की पृष्ठभागाच्या जरा खाली चंदेरी चंद्रकोरी दिसतात. इंग्रजीत त्यांना मून म्हणतात. गोटीवर गोटी आदळते तेव्हा दोन गोल पृष्ठभाग एका अगदी लहान वर्तुळात टेकतात आणि सगळा जोर तेवढ्याच जागेवर येतो. त्या वर्तुळाच्या कडेला काच ताणली जाते आणि तिथून आत शंकूच्या आकाराची चीर जाते. दोन गोल वस्तू एकमेकींवर दाबल्या की काय होतं याचं गणित हाइनरिश हर्ट्झनं 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं आणि काचेतली ही शंकूची चीरही त्यानं नोंदवली. जोर फार असेल तर टवका उडतो. बेताचा असेल तर चीर आतच राहते आणि तिच्यातल्या हवेच्या फटीवरून प्रकाश परततो. म्हणजे एकेक चंद्रकोर हा एकेक बसलेला नेम. कुणीतरी गुडघ्यावर टेकून, एक डोळा मिटून, अंगठा दाबून सोडलेला, आणि लागलेला.

मोठ्या गोटीवर सगळीकडे सारख्या पसरलेल्या चंद्रकोरी दिसल्या तर ती बहुधा मारायची गोटी, कुणाची तरी लाडकी, रोज वापरातली. अमेरिकेत 1922 पासून राष्ट्रीय गोटी स्पर्धा भरते. तिथला डाव 10 फुटांच्या रिंगणाचा: मधे 13 गोट्या फुलीच्या आकारात मांडायच्या आणि आपल्या गोटीनं त्या रिंगणाबाहेर काढायच्या. मांडलेल्या गोट्या आळीपाळीनं मार खातात, मारणारी मात्र प्रत्येक वेळी खाते. एखादीच चंद्रकोर, एकाच बाजूला, असेल तर ती गोटी मांडणीतली असावी आणि लवकर कुणाच्या तरी खिशात गेली असावी. बरणीत वर्षानुवर्षं एकमेकींवर घासलेल्या गोट्या निराळ्या: त्यांच्या अंगावर चंद्रकोरी नसतात, नुसता बारीक खरखरीतपणा असतो. जमिनीत गाडलेल्या गोटीवर धुकट थर चढतो, कारण ओलसर माती काचेतला सोडा हळूहळू ओढून घेते. कधी त्यावर इंद्रधनुष्यी छटाही येते. आणि कारखान्यातच पडलेल्या घड्या, निवताना गेलेले तडे हे नुकसान धरायचंच नाही. हे सगळं एकदा वेगवेगळं दिसायला लागलं की सहा गुणांच्या गोटीत वाचायला जेवढं सापडतं, तेवढं नऊवालीत सापडत नाही.

म्हणून पॉलिश केलेली गोटी बघितली की माझं डोकं फिरतं. वरचा थर घासून काढायचा आणि गोटी आरशासारखी करून 'नव्यासारखी' म्हणून विकायची. त्यात चंद्रकोरी जातात आणि पोंटिलही जातो. ओळखायला फार कठीण नाही: चकाकी नको इतकी एकसारखी असते, पृष्ठभागालगतचे हवेचे बुडबुडे कापले जाऊन त्यांची तोंडं उघडी पडतात, बाहेरच्या पट्ट्या मधेच छाटल्यासारख्या दिसतात. माझ्या ओळखीचे एक जुने संग्राहक म्हणतात, की निदान आतली नक्षी तरी दिसते ना, मग बिघडलं काय. त्यांच्या संग्रहात अशा पुष्कळ आहेत आणि आम्ही दोघं या विषयावर बोलायचं टाळतो. त्यांना मी तेलाची युक्ती सांगितली तेव्हा ते हसले. रोज कोण तेल लावत बसणार, म्हणाले. (धुवायची असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. कढत पाण्यात कधीही नको. जुन्या काचेत ताण दडलेला असतो आणि ती तिथल्या तिथं तडकू शकते.)

इतकं सगळं म्हटल्यावर न्यायासाठी मिंट गोटीची बाजूही ऐकली पाहिजे. ती कोरी राहिली कशी? एक रस्ता सरळ आहे: दुकानात खोक्यातच राहिली, विकली गेली नाही, कारखाना बंद झाला, खोकं कुठल्याशा माळ्यावर गेलं. अ‍ॅक्रोचे असे खोक्यासकट संच अजून निघतात. पण दुसरा रस्ताही आहे. हरलेली गोटी परत मिळत नाही असा डाव असेल, तर प्रत्येक मुलाच्या थैलीत एक गोटी अशी असते जी डावावर लागत नाही. खेळ सुरू होण्याआधीच ती बाजूला काढली जाते, दाखवली जाते, बघू दिली जाते, फार तर एकदा दुसऱ्याच्या हातात दिली जाते आणि लगेच परत घेतली जाते. क्रिस्टेन्सन अ‍ॅगेटच्या त्या जळजळीत पिवळ्या गोटीला रिंगणात मांडायला कुठलं पोर तयार झालं असेल? मी तरी झाले नसते.

म्हणजे कोरी गोटी एक तर कुणालाच नको झालेली, नाहीतर कुणाला तरी इतकी हवी असलेली की तिच्याशी खेळवलं नाही. या दोन गोट्या एकमेकींशेजारी ठेवल्या तर भिंगातून फरक दिसत नाही. दोघींनाही नऊ पूर्णांक पाच. माझं पट्टीशी भांडण इथं जरा निवतं, मिटत मात्र नाही, कारण पट्टीला यातलं काहीच विचारायचं नसतं.

आणि एक तिसरी जात आहे, जी पट्टीवर बसतच नाही. अमेरिकेतल्या बंद पडलेल्या अनेक गोटी कारखान्यांच्या आवारात संग्राहकांनी खोदकामं केली आहेत. तिथं सापडतो तो कारखान्याचा टाकाऊ माल: अर्धवट गोल झालेल्या, दोन दोन एकमेकींना चिकटलेल्या, पिळात फसलेल्या, सरळ दोन तुकडे झालेल्या गोट्या. त्या मुलांपर्यंत पोचल्या नाहीत आणि दुकानापर्यंतही नाहीत. पण कुठली नक्षी कुठल्या कारखान्याची, हे आज जे ठामपणे सांगता येतं त्यातलं कितीतरी या तुकड्यांवरून ठरलं. जाहिराती आणि खोकी थोडीच उरली होती, गोटीवर कंपनीचं नाव नसतं आणि पूर्वीच्या संग्राहकांनी अंदाजानं लावलेल्या वंशावळी मातीतून निघालेल्या ठिकऱ्यांनी मोडून काढल्या. काचेच्या कपाटात मखमलीवर बसलेल्या मिंट गोटीला नाव मिळतं ते कचऱ्यातल्या फुटक्या बहिणीवरून.

तरीही वाद उरतातच. वेस्ट व्हर्जिनियातले गोटीवाले आसपासच्या इतर काच कारखान्यांची मोडतोड विकत घेऊन वितळवत, त्यामुळं एकच रंग दोन-तीन ठिकाणच्या गोट्यांत निघतो. यंत्रं जुनी झाली की विकली जात, कारागीर एका कंपनीतून दुसरीत जात आणि हाताची सवय बरोबर नेत. रंगावरून एक कारखाना वाटतो, कापल्याच्या खुणेवरून दुसरा. अशा गोटीवर संग्राहकांचे दोन तट पडतात आणि दोन्हीकडे अनुभवी माणसं असतात. मी प्रत्येक गोटीच्या खणात एक चिठ्ठी ठेवते: माप, टोकांची स्थिती, कुठून आली, कोणत्या कारखान्याची. बाकीचं सगळं शाईनं लिहिते. कारखान्याचं नाव पेन्सिलनं.